वसलीपासून औषधाच्या पाकिटापर्यंत : लघुचित्र नव्या सामानावर कसं उतरवावं

चौदाव्या शतकाच्या सुमारास पश्चिम भारतातल्या जैन पोथ्या ताडपत्रावरून कागदावर येऊ लागल्या. ताडपत्राच्या पानांना भोक पाडून त्यातून दोरा ओवलेला असायचा. कागदाला त्या भोकाची गरज नव्हती. तरीही पोथी करणाऱ्यांनी पानं पूर्वीसारखीच आडवी, अरुंद ठेवली आणि भोकाची जागाही राखली. तिथे त्यांनी एक टिकली रंगवली. मला हे फार मोलाचं वाटतं. सामान बदललं, पण जुन्या सामानाची आठवण पानावर राहिली.

‘लघुचित्र शिकायचंय, पण वेगळ्या मटेरियलवर करायचंय’ असं म्हणत गिरगावात माझ्याकडे जे कोणी येतं, त्यांना मी पहिल्या दिवशी ही टिकलीच सांगते. गोळ्यांचं पाकीट असो, एक्स-रेची फिल्म असो की रेल्वेचं जुनं तिकीट, तुम्ही कशावरही रंगवा. फक्त लघुचित्राची एखादी तरी सवय त्यात जपा. ती रेषेची असेल, हाशियाची (चित्राभोवतीच्या चौकटीची) असेल, नाहीतर घोटलेल्या पृष्ठभागाची. सगळंच सोडलं तर जे उरतं ते नुसतं छोट्या आकाराचं चित्र.

आधी डोळे तयार करा

सुरुवात दुकानापासून करू नका, फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयापासून करा. तिथे लघुचित्रांचा उत्तम संग्रह आहे, कलेचे अभ्यासक कार्ल खंडालावाला यांचा संग्रहही आहे, आणि अकबराच्या काळातली ‘अन्वार-इ-सुहेली’ या फारसी कथासंग्रहाची पोथी याच संग्रहालयाची. दालनात उजेड मुद्दाम मंद ठेवतात, कारण हे रंग आणि कागद तेजाने फिके पडतात. अशा वस्तूंसाठी जगभर साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मर्यादा पाळतात. आत गेल्यावर पाच-सात मिनिटं डोळे सरावू द्या, मग एकाच चित्रासमोर अर्धा तास उभे राहा. सोबत एक छोटं भिंग ठेवा.

चित्र समोरून पाहून झालं की जरा बाजूला सरून तिरकं पाहा. गळ्यातले मोती सपाट नसतात, पांढऱ्या रंगाचा जाड थेंब टाकून उठवलेले असतात. सोनं एका कोनात मातकट दिसतं आणि दुसऱ्या कोनात पेटतं. हे चित्र मुळात भिंतीसाठी नव्हतंच, हातात धरून, हलवून पाहण्यासाठी होतं. पुढे सामान निवडताना ही गोष्ट तुमच्या फार उपयोगी पडेल.

आणखी एक. नवं सामान वापरणं म्हणजे परंपरेशी भांडण, असं कुणी म्हणालं तर त्यांना जम्मूतल्या बसोहलीचं उदाहरण द्या. सतराव्या शतकात तिथल्या चितेऱ्यांनी दागिन्यातल्या पाचूच्या जागी भुंग्याच्या हिरव्या चकचकीत पंखकवचाचे बारीक तुकडे चिकटवले. विजापूरच्या चितेऱ्यांनी अबरीच्या, म्हणजे रंगांच्या लहरी उमटवलेल्या, कागदातून चित्रं घडवली. कंपनीच्या काळात अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर चित्रं रंगवून विकली गेली. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांचे गोल पत्ते हेही तळहातावरचं लघुचित्रच. जे हाताशी आहे, त्यातून हवा तो उजेड काढायचा, हे काम चितेरे पहिल्यापासून करत आलेत.

एक वसली स्वतः करा

वसली म्हणजे लेईने एकावर एक चिकटवून घोटलेला जाड कागद, लघुचित्राचा नेहमीचा पाया. ही पायरी गाळून पुढे जायचा मोह सगळ्यांना होतो. गाळू नका. प्लॅस्टिकवर रंग का बसत नाही, हे वसलीवर तो का बसतो ते कळल्यावरच समजतं.

चार हातकागद घ्या, साधारण १२ बाय १७ सेंटिमीटरचे. चमचाभर मैदा सहा-सात चमचे पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन लेई काचेसारखी दिसू लागली की उतरवा, गार करा, मलमलच्या फडक्यातून गाळा. जुने कारागीर कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. घालणार असाल तर त्याचं भांडं आणि चमचा स्वयंपाकघरापासून कायमचे वेगळे ठेवा, आणि घरात लहान मूल असेल तर घालूच नका, लवंगेच्या तेलाचे दोन थेंब चालतील.

एका कागदाला लेई लावा, दुसरा त्यावर ठेवा आणि हाताने मधून कडेकडे दाबत न्या, म्हणजे हवा अडकत नाही. चारही असे चिकटले की सुती कापडात ठेवून वर वजन ठेवा. हिवाळ्यात दोन दिवसांत वाळते, जुलैत चार-पाच दिवस धरा. घाईने उन्हात ठेवलेली वसली पापडासारखी वळते.

आता घोटणं. यासाठी अकीक या गुळगुळीत दगडाची घोटणी मिळते. ती नसेल तर मोठी कवडी, शंखाचा गुळगुळीत भाग किंवा स्टीलच्या वाटीचं बूड वापरा. गुळगुळीत लादीवर वसली ठेवून एकाच दिशेने, सारख्या दाबाने घोटत राहा. आधी खरखर ऐकू येते. वीस-पंचवीस मिनिटांनी तो आवाज बसतो, हात घसरायला लागतो, आणि खिडकीकडे तिरकी धरली की वसलीवर दुधाच्या सायीसारखी मऊ चकाकी दिसते. डाग-डाग चकाकत असेल तर अजून व्हायची आहे. ही चकाकी एकदा बोटांना कळली की पुढे कुठलाही पृष्ठभाग हाताने चाचपून पारखता येतो.

ब्रश, डिंक आणि रेषेचा क्रम

जुने ब्रश खारीच्या केसांचे. तुम्ही सिंथेटिक घ्या, शून्य नंबरापेक्षाही बारीक, टोक शाबूत असलेला. कुणी मुंगसाच्या केसांचा ब्रश दाखवला तर घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे आणि त्या ब्रशांचा व्यापार बेकायदा आहे. टोक करण्यासाठी ब्रश ओठांत धरायची जुनी सवयही लावून घेऊ नका, नखावर फिरवून टोक काढा.

बाभळीचा डिंक एक भाग आणि कोमट पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून सकाळी गाळायचं. रंगाच्या पुडीत हे थेंबाथेंबाने मिसळा. प्रमाण रंगच सांगतो. वाळल्यावर बोटाला लागला तर डिंक कमी पडला, चकाकून तडे गेले तर जास्त झाला.

क्रम असा: खाका, म्हणजे चित्राचा कच्चा आराखडा, उतरवायचा, त्यावर पांढऱ्याचा अगदी पातळ हात द्यायचा, खालची रेषा पुसट दिसेल इतकाच, आणि मग गेरूने रेषा पक्की करायची. सपाट रंग पातळ-पातळ थरांत भरायचे. मध्येच वसली पालथी करून गुळगुळीत लादीवर मागून घोटायची, म्हणजे रंग कागदात बसतात. त्यानंतर परदाज, म्हणजे ब्रशच्या टोकाने बारीक ठिपके आणि तुटक रेघा देत गाल, मान, कापडाची घडी उठवायची. शेवटी काजळाची रेषा, आणि सगळ्यात शेवटी दागिने.

पहिले पंधरा दिवस फक्त एक चेहरा करा, एका बाजूने दिसणारा, तीन सेंटिमीटरचा. तोच पुन्हा पुन्हा. मुंबईत कलेचं शिक्षण म्हटलं की जे. जे. स्कूल आठवतं. तिथेही जगन्नाथ अहिवासी यांनी भारतीय शैलीचा वर्ग वर्षानुवर्षं शिकवला. पाश्चात्त्य पद्धतीच्या शाळेत असा वर्ग चालला, ही या शहराच्या चित्रकलेतली अभिमानाची गोष्ट आहे.

सामान कसं निवडायचं

भंगाराच्या गोण्या गोळा करून बसू नका. एकच वस्तू निवडा आणि तिला विचारा की ती तुमच्या चित्रात का यावी. ‘वेगळं दिसतं म्हणून’ हे उत्तर पुरत नाही.

लाहोरच्या नूर अली छगानींचं शिक्षण लघुचित्राचं आहे. ते भाजक्या मातीच्या इवल्या विटा करतात आणि त्यांच्या भिंती रचतात. रंगाचा ठिपका आणि वीट, दोन्हींत तीच चिकाटी दिसते. पाकिस्तानातच शिकलेल्या चित्रकार शाहजिया सिकंदर यांनी १९८९–९०मध्ये ‘द स्क्रोल’ हे चित्र केलं, त्यात वसलीवर चहाचा रंगही आहे. वस्तू घरातली, चित्रही घराच्या आतलंच. पाकिस्तानी चित्रकार इम्रान कुरेशी यांनी २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या गच्चीवर थेट फरशीवर रंग सांडला आणि त्या लाल शिंतोड्यांतून लघुचित्रातली पानंफुलं काढली. आकार प्रचंड झाला, पण ती पानं पाहायला माणसाला वाकावंच लागतं. आणि मुंबईच्या चित्रकार नलिनी मलानी पारदर्शक पृष्ठभागावर मागच्या बाजूने रंगवतात. ही काचचित्राची जुनी रीत आहे, तिचा उपयोग खाली सांगते.

गोळ्यांचं पाकीट

हे सामान मी नवशिक्यांना सगळ्यात आधी देते, कारण ते प्रत्येक घरात आहे आणि त्यात दोन पृष्ठभाग मिळतात: पुढे पारदर्शक खण, मागे चंदेरी पत्रा.

माझ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं दहाचं पाकीट होतं. रिकामं झाल्यावर ते उजेडात धरलं तर दोन रांगांत दहा खिडक्या दिसल्या, राजवाड्याच्या चित्रात झरोके असतात तशा. पत्रा फाटून निघालेल्या कडा महिरपीसारख्या वळलेल्या होत्या. मी त्या दहा झरोक्यांत आईचे दहा दिवस रंगवले: चाळीच्या गॅलरीत ओले कपडे झटकताना, कोथिंबीर निवडताना, पेपरवर चष्मा ठेवून डुलकी घेताना. प्रत्येक आई बोटाच्या पेरापेक्षा लहान.

कृती अशी. पाकीट साबणाने धुऊन, पुसून, पूर्ण वाळवा. खणाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवा. बोटाचा तेलकटपणा उरला तर रंग थेंब-थेंब होऊन आकसतो. गोल खणापेक्षा कॅप्सूलचा लांबट खण सोपा. आता आतून रंगवायचं असल्याने सगळा क्रम उलटा होतो. वसलीवर शेवटी येणारी काजळाची रेषा इथे सगळ्यात आधी. मग दागिने, मग चेहऱ्याचा रंग, मग कपडा, आणि शेवटी पार्श्वभूमी. एकदा पार्श्वभूमी भरली की रेषा सुधारता येत नाही. म्हणून प्रत्येक थर पाकीट उलटं करून पुढून पाहा आणि मगच पुढचा द्या. डिंकाचा रंग इथे टिकत नाही, ॲक्रिलिक शाई किंवा पातळ ॲक्रिलिक घ्या.

पत्र्याचं काम याहून आनंदाचं. जाड वर्तमानपत्राच्या घडीवर पत्रा पालथा ठेवून रिफिल संपलेल्या बॉलपेनने नक्षी दाबा, पुढच्या बाजूने ती उठून दिसते. तिच्यावर पारदर्शक हिरवा किंवा लाल असा एकच पातळ हात द्या. खालची चांदी त्यातून चमकते, आणि बसोहलीच्या त्या भुंग्याच्या पंखाचं काम औषधाचा पत्रा करतो. पत्र्याच्या कडा धारदार असतात, बोटाला चिकटपट्टी गुंडाळून काम करा.

एक्स-रे, तिकीट, ताडपत्री

जुन्या पद्धतीने द्रावणात धुतलेली एक्स-रेची फिल्म मिळाली तर जपून ठेवा. तिच्या दोन्ही बाजूंना जिलेटिनचा थर असतो आणि तो पाण्याचा रंग धरतो, त्यामुळे वसलीच्या जवळ जाणारं हे सामान आहे. सुईने हलकं खरवडलं की काळ्यातून उजेडाची रेघ निघते, रात्रीच्या चित्राला याहून सुंदर जमीन मला सापडलेली नाही. पाणी मात्र कमी वापरा, थर फुगतो आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो. हल्लीच्या प्रिंटरवरच्या कोरड्या फिल्मवर हे जमत नाही. फिल्म कुणाचीही असो, त्या माणसाला विचारा आणि नाव, तारीख, नंबर खरवडून टाका. कुणाच्या शरीराचं चित्र आहे ते.

रेल्वेची पुठ्ठ्याची जुनी तिकिटं चोर बाजारात किंवा एखाद्या संग्राहकाकडे मिळू शकतात. लांबी सुमारे ५७ मिलिमीटर. पुठ्ठा शोषून घेणारा असतो, म्हणून आधी पातळ डिंकपाण्याचा हात द्या, वाळू द्या, घोटा, मग रंगवा. छापलेली अक्षरं झाकू नका, पोथीच्या पानावर मजकूर आणि चित्र शेजारी असतात तसं त्यांना राहू द्या.

निळ्या ताडपत्रीबद्दल मात्र स्वतःचा अनुभव सांगते. पावसाळ्याआधी अख्खी मुंबई हिच्याखाली जाते, म्हणून मी हिच्यावर आषाढाचं चित्र केलं, विजेच्या सोनेरी रेघेसकट. तीन आठवड्यांचं काम होतं. गुंडाळून एका प्रदर्शनात नेलं, उलगडलं, आणि ढगांचे पापुद्रे टेबलावर पडले. ताडपत्री पॉलिथिनची असते, पॉलिथिनला रंग धरून ठेवता येत नाही आणि घडीवर तर अजिबात नाही. मी फार रडले होते. नंतर जुन्या मुरक्क्यांची, म्हणजे चित्रसंग्रहाच्या वह्यांची, पानं नीट पाहिली. त्यांत चित्र वेगळं, हाशिया वेगळा, दोन्ही एकत्र चिकटवलेले. तेव्हापासून ताडपत्री मी हाशियासाठी वापरते. चित्र वसलीवर, भोवती ताडपत्रीची चौकट, आणि दोन्ही बारीक टाक्याने शिवलेली. सामान जे करू शकत नाही ते त्याच्याकडून करून घेऊ नका.

रंगही शोधता येतात

जुनी लाल वीट किंवा कुंभारवाड्यातली फुटकी पणती कुटा, मलमलमधून चाळा, पाण्यात ढवळा आणि मिनिटभराने वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. जाड कण खाली राहतात. त्या पाण्यात रात्रभर जे बसतं तो तुमचा रंग, वाळवून डिंकात घोटा. काजळ दिव्यावर वाटी धरून काढता येतं. कुटताना आणि चाळताना मास्क लावा.

हळद, कुंकू, रांगोळीचे रंग मोहक असतात, पण उजेडात टिकतीलच असं नाही. परीक्षा सोपी आहे: कागदावर पट्टा मारा, अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या कागदाने झाका, आणि उन्हाच्या खिडकीला महिनाभर चिकटवून ठेवा. दोन अर्ध्यांत फरक दिसला तर तो रंग चित्रात नको. हळद बहुतेक वेळा नापास होते. खरा हिंगूळ (लाल) आणि हरताळ (पिवळा) घरात आणूच नका, एकात पारा आहे, दुसऱ्यात आर्सेनिक. त्या छटा आज सुरक्षित रंगांत मिळतात. ब्रश, कागद, मणी, जरी यांसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट आणि भुलेश्वर ही एका सकाळीत होणारी फेरी आहे. रविवार टाळा.

पावसाळा आणि पाठची नोंद

मुंबईत चित्राचा खरा शत्रू दमट हवा. लेई आणि डिंक दोन्ही बुरशीचं अन्न आहे. जूनच्या आधी सगळी कामं आम्लरहित कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि या पुड्या महिन्यातून एकदा बदला किंवा सुकवा. बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगू नका, ती भिंत पावसात ओल धरते. फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची फट हवी. लॅमिनेशन तर कधीच नाही.

कुणा कारागिराकडून हाशिया किंवा सोन्याचं काम करून घेतलंत तर त्याचं नाव तुमच्या नावाशेजारी लिहा. उदयपूरमध्ये काम करणारे वास्वो एक्स. वास्वो आपल्या चित्रांवर चितारी आर. विजय यांचं नाव घालतात. हाताचं श्रेय हाताला मिळायलाच हवं.

चित्र पुरं झालं की मागे काय काय वापरलं ते लिहा, म्हणजे पुढे कुणाला दुरुस्त करायची वेळ आली तर त्यांचे हाल होणार नाहीत. वसलीवर मऊ पेन्सिलने लिहा, प्लॅस्टिक किंवा पत्रा असेल तर वेगळ्या आम्लरहित चिठ्ठीवर लिहून फ्रेमच्या आत ठेवा. आईच्या पाकिटासोबतची माझी चिठ्ठी अशी आहे: ‘गोळ्यांचं पाकीट, दहा खण. आतून ॲक्रिलिक शाई, उलट क्रमाने. पत्र्यावर हिरवा एक हात. सहाव्या खणातली साडी दोनदा रंगवली आहे, खालचा रंग निळा. पाणी लावू नये.’